एकाच रंध्याच्या दोन किमती: हातहत्यारांचे कारखानदार, आयातदार आणि वितरक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

विजेवर चालणाऱ्या हत्याराची किंमत देशागणिक का बदलते, याला उत्तर देता येते. व्होल्टेज निराळे, प्लग निराळा, चार्जर निराळा, सुरक्षिततेची प्रमाणपत्रे निराळी. म्हणजे मुळात वस्तूच थोडी निराळी. हातरंध्याला यातले काहीच लागू होत नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या वॉरनचा लाय-नील्सन रंधा, कॅनडातला व्हेरिटासचा रंधा, जर्मनीत वुपरटालच्या क्निपेक्सची पक्कड, स्वित्झर्लंडमधल्या लांगेनथालच्या प्फाइलची कोरीव कामाची पटाशी, जपानमधल्या मिकी किंवा सांजोची करवत, यांतले काहीही जगात कुठेही पोचले तरी तेच पोलाद, तीच मूठ आणि तोच खोका असतो. तरीही बनणाऱ्या देशातली किंमत आणि आयात करणाऱ्या देशातल्या दुकानाची किंमत शेजारी ठेवली की दीडपटीचा, कधी दुपटीचा फरक दिसतो.

हा सगळा फरक म्हणजे लूट, असे आम्ही म्हणत नाही. त्यातला बराच भाग खरा खर्च आहे, आणि तो मोजताना आमच्यातलेही अनेकजण चुकतात. आमचे म्हणणे उरलेल्या भागाबद्दल आहे. तो कशाचा आहे हे तुम्हाला माहीत असते, सांगता येण्यासारखे असते, आणि तरी सांगितले जात नाही. म्हणून या पत्रात आम्ही आधी आमच्या बाजूचे हिशेब नीट मांडतो आणि मग तुमच्याकडे वळतो.

सगळ्यात मोठी चूक करासहित आणि करावेगळ्या किमतीची तुलना करण्यात होते. ब्रिटनमध्ये दुकानातल्या किमतीत २० टक्के, जर्मनीत १९ टक्के आणि जपानमध्ये १० टक्के कर धरलेला असतो. माल देशाबाहेर पाठवला की विक्रेत्याला तो कर न लावता विकता येतो. अमेरिकेत मात्र छापील किमतीत विक्रीकर नसतोच, त्यामुळे तिथून मागवताना वजा करायला काही उरत नाही. वजाबाकीतही घोटाळा होतो. २० टक्के करासहित १२० किंमत असेल तर करावेगळी किंमत काढायला १२० ला १.२ ने भागायचे, उत्तर १००. पुष्कळजण १२० चे २० टक्के काढून ९६ धरतात आणि विक्रेत्याने ४ लाटले म्हणून चिडतात. तिथे विक्रेत्याचा काही दोष नसतो.

दुसरी चूक मॉडेलची. क्निपेक्सची १८० मिलिमीटरची पक्कड ०३ ०१ १८०, ०३ ०२ १८० आणि ०३ ०६ १८० अशा तीन क्रमांकांनी मिळते. पहिलीच्या मुठीवर साधे प्लास्टिक, दुसरीला जाड दुहेरी मूठ, तिसरी १००० व्होल्टपर्यंतच्या चालू वीजकामासाठी तपासलेली. फोटोत तिन्ही बहिणी दिसतात, किमती वेगळ्या. पटाशीच्या बाबतीत १२ मिलिमीटर आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर ही दोन वेगळी हत्यारे आहेत. स्वस्त मिळाली म्हणून दुसरी घेतली आणि खाच पहिलीच्या मापाने आखली तर सांधा ०.७ मिलिमीटरने चुकतो. किमतींची तुलना कारखान्याचा पूर्ण क्रमांक पाहूनच करायची, हे आम्ही आमच्या लोकांना सांगत असतो. तुमच्यातल्या अनेकांच्या दरपत्रकात तो पूर्ण क्रमांकच नसतो. ‘पक्कड, ७ इंची’ एवढ्यावर तुलना कशी करायची?

आता पार्सलचा हिशेब. एकट्याने, थेट परदेशी दुकानातून एक रंधा मागवला असे समजा. चलन कोणतेही धरा. दुकानातली किंमत करासहित १२०, म्हणजे निर्यातीला १००. कुरिअरचे भाडे २५, विमा १. बहुतेक देशांत आयात शुल्क माल, भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. अमेरिका आणि कॅनडा ते परदेशी बंदरापर्यंतच्या किमतीवर, म्हणजे समुद्रापारचे भाडे वगळून लावतात. पहिली रीत धरू. १२६ वर १० टक्के शुल्क १२.६०, बेरीज १३८.६०. त्या बेरजेवर २० टक्के कर २७.७२, म्हणजे १६६.३२. कुरिअर कंपनी शुल्क स्वतः भरून नंतर वसूल करते, त्याबद्दलची तिची फी ८. कार्डावर परकी चलनाचा अधिभार ३ टक्के, तो १२६ वर ३.७८. एकूण १७८.१०. मधे एकही व्यापारी नाही, कोणाचा नफा वाढलेला नाही, तरी १२० चे १७८ झाले. शुल्क आणि कराचे टक्के प्रत्येक देशात वेगळे असतात, पण पायरीवर पायरी चढण्याची रीत बहुतेक देशांत हीच. कराला शुल्काच्या वरचा मजला मिळतो, हे लक्षात न घेता १० आणि २० मिळून ३० टक्के धरणारा माणूस पार्सल दारात आल्यावर हबकतो.

यात कमी करता येण्यासारखी एक जागा आहे, आणि ती कारखान्याच्या हातात आहे: खोका. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त त्यावर भाडे लावतात. आकारमानाचे वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचे. रंध्याचा खोका ३० × १५ × १५ धरला तर १.३५ किलो येते. रंधा स्वतः खोक्यासकट दोन किलोच्या वर, म्हणजे खऱ्या वजनाचेच भाडे. इथे खोका बदलून काही साधत नाही. करवतीचे मात्र उलटे आहे. २६ इंची पात्याची हातकरवत ८० × २० × ६ च्या खोक्यात घातली की १.९२ किलो येते आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी ते २ किलो धरले जाते. करवत किलोभरही भरत नाही. खोक्याची जाडी ६ वरून ३ केली तर आकारमानाचे वजन ०.९६ किलो. मूठ स्क्रूने बसवलेली असेल तर ती काढून पात्याशेजारी आडवी ठेवता येते आणि खोका सहज ३ सेंटिमीटरचा होतो. पाते बदलता येणाऱ्या जपानी करवतींचे कारखाने पाते आणि दांडा वेगळा करून पाठवू शकतात. ३८ × १० × ४ च्या खोक्यात २७० मिलिमीटरचे पाते आणि सुटा केलेला दांडा बसतो, आणि आकारमानाचे वजन ०.३ किलोवर येते. सुंदर छापील खोका आम्हाला नको. दातांवर प्लास्टिकची पट्टी, गंजरोधक कागद आणि चापट पुठ्ठा पुरतो. परदेशी ग्राहकासाठी ‘चापट खोका’ असा पर्याय ऑर्डर देतानाच ठेवा.

कार्डाच्या बाबतीत विक्रेत्यांना एक विनंती. पैसे भरताना ग्राहकाच्या चलनात रक्कम दाखवून ‘सोयीसाठी याच चलनात भरा’ असे जे विचारले जाते, त्यात बहुधा वाईट दर लावलेला असतो. तो पर्याय आधीच टिकमार्क करून ठेवू नका. आणि आमच्या वाचकांना: विक्रेत्याच्याच चलनात भरा, रूपांतर आपल्या बँकेला करू द्या.

आता हाच रंधा आयातदाराकडून आला तर काय होते? पुढचे आकडे आम्ही गृहीत धरलेले आहेत. तुमचे वेगळे असतील तर तुमचे घाला, रीत तीच राहील. करावेगळ्या १०० ला विकला जाणारा रंधा कारखाना आयातदाराला ५५ ला देतो असे समजू. पेट्या भरून समुद्रमार्गे आणल्यामुळे नगामागे भाडे आणि विमा ३. या ५८ वर १० टक्के शुल्क ५.८०. बंदरातली सोडवणूक, दलालाची फी, गोदामापर्यंतची वाहतूक मिळून ४. गोदामात रंधा ६७.८० ला पडला. आयातदाराने ३० टक्के घेतले, ८८.१४ झाले. दुकानदाराने त्यावर ३५ टक्के घेतले, ११९. वर २० टक्के कर, १४२.८०.

हा आकडा पुन्हा एकदा पाहा. मधल्या दोघांनी आपापला वाटा घेऊनही दुकानातली किंमत पार्सलच्या १७८ पेक्षा ३५ ने कमी येते. म्हणजे आयातदार असणे ग्राहकाच्या फायद्याचे आहे. समुद्राचे भाडे आणि घाऊक खरेदी यांतून एवढी बचत होते की तिच्यात सगळ्यांचे पोट भरून वर ग्राहकाला स्वस्त पडावे. आयातदाराच्या विरोधात आम्ही नाही, ते याचमुळे.

पण तोच रंधा दुकानात २२० ला दिसला तर उलटा हिशेब करून पाहा. २२० भागिले १.२, १८३.३३. भागिले १.३५, सुमारे १३५.८०. गोदामात पडलेली किंमत ६७.८०. आयातदाराचा वाटा ३० टक्क्यांचा राहिला नाही, १०० टक्के झाला. किंवा मधे आणखी एक-दोन जण शिरले. २० टक्के घेणारा एक उपवितरक आला की १४२.८० चे १७१ होतात, कारण त्याच्यानंतरचा प्रत्येकजण त्याच्या २० टक्क्यांवरही आपला टक्का लावतो. त्या टप्प्यावर हत्यारावर कसलेही काम झालेले नसते. ते तपासले जात नाही, त्याला धार लावली जात नाही, नुसते एका गोदामातून दुसऱ्यात जाते.

शुल्काचेही असेच होते, आणि हे ग्राहकाच्या नजरेत कधी येत नाही. सरकारने घेतले ५.८०. त्यावर ३० टक्के, मग ३५ टक्के, मग २० टक्के कर, असे करत दुकानात ते १२.२० झालेले असतात. ‘शुल्क वाढले म्हणून किंमत वाढली’ असे तुम्ही सांगता तेव्हा वाढ दुपटीने पोचवलेली असते. आमची मागणी: तुमचा टक्का माल, भाडे आणि सोडवणुकीवर लावा, शुल्क जसेच्या तसे पुढे द्या. वरच्याच आकड्यांत असे केले तर आयातदार आणि दुकानदार दोघांचे टक्के तेच राहून किंमत १३७.५० वर येते. सव्वापाचचा फरक लहान वाटेल, पण शुल्क २५ टक्के असलेल्या देशात तो कितीतरी मोठा होतो.

आयातदाराच्या खऱ्या अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. शोल्डर रंधा, खोबणीचा रंधा, उजव्या-डाव्या बाजूच्या जोड्या असलेली हत्यारे वर्षात दोन-चारच खपतात. तेवढा काळ भांडवल अडकते. महिन्याला १ टक्का व्याज धरले तरी वर्षभर पडलेल्या नगावर १२ टक्के आधीच चढलेले असतात. समुद्रप्रवासात कंटेनरमध्ये दिवसा तापून रात्री गार होताना आतल्या हवेचे दव पडते आणि घासून चकचकीत केलेल्या तळावर गंजाचे ठिपके येतात. असे नग स्वच्छ करून कमी दराने विकावे लागतात. हे सगळे मान्य. पण हा खर्च सगळ्या मालाचा सारखा नाही. दर आठवड्याला खपणाऱ्या पक्कडीवर आणि दीड वर्ष फळीवर बसलेल्या रंध्यावर एकच टक्का लावणे म्हणजे एकाचा बोजा दुसऱ्याच्या ग्राहकावर टाकणे. चालू मालाचा टक्का कमी करा आणि मंद माल ऑर्डर घेऊन मागवा. ‘अर्धी रक्कम आधी, माल पुढच्या खेपेत, बहुधा तीन महिन्यांनी’ असे स्पष्ट सांगितले तर थांबणारे गिऱ्हाईक पुष्कळ आहे. चांगल्या हत्यारासाठी कारागीर वर्षभरसुद्धा थांबतो.

परदेशी विक्रेत्यांकडे आमचे जे गाऱ्हाणे आहे ते बीजकाबद्दल. आयात शुल्काचे वर्गीकरण ज्या क्रमांकांवरून होते त्यातले पहिले सहा अंक जगभर सारखे असतात. हातकरवत ८२०२.१०. कानस आणि रॅस्प ८२०३.१०. पक्कड ८२०३.२०. न सरकणारे पाने ८२०४.११, सरकणारे ८२०४.१२. लाकडाचे रंधे, पटाश्या, गोलची ८२०५.३०. पेचकस ८२०५.४०. धार लावायचे हातदगड ८२ व्या प्रकरणात, म्हणजे ८२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांत, नाहीतच, ते ६८०४.३०. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ९०१७.३०. हत्याराची नुसती लाकडी मूठ मागवली तर ४४१७. या प्रत्येकाचा दर एकाच देशातही वेगळा असू शकतो. बीजकावर ‘टूल पार्ट्स’ एवढेच लिहिलेले असले की सीमाशुल्क अधिकाऱ्याला अंदाज करावा लागतो, आणि अंदाज बहुधा ग्राहकाला महाग पडतो किंवा पार्सल चौकशीत अडकून गोदामभाडे चढते.

दोन चुका वारंवार होतात. पहिली रंध्याच्या सुट्या पात्याची. ते ‘पाते’ म्हणून ८२०८ मध्ये घातले जाते, पण ८२०८ हे यंत्रांच्या सुऱ्या आणि पात्यांसाठी आहे. याच प्रकरणाच्या टिपेनुसार ज्या हत्याराचा भाग त्याच्याबरोबरच त्याचे वर्गीकरण होते, म्हणजे हातरंध्याचे पाते ८२०५.३०. बीजकावर ‘हातरंध्याचे पाते, यंत्रासाठी नाही’ इतके शब्द छापले तर वाद मिटतो. दुसरी चूक संचाची. ८२०६ हा संचांचा क्रमांक आहे, पण तो ८२०२ ते ८२०५ यांतल्या किमान दोन वेगवेगळ्या शीर्षकांची, म्हणजे चार अंकी क्रमांकांची, हत्यारे किरकोळ विक्रीसाठी एका संचात असतील तेव्हाच. लाकडी पेटीतल्या सहा पटाश्या हा व्यवहारात संच, वर्गीकरणात नाही. त्या ८२०५ मध्येच राहतात. करवत, पक्कड आणि पेचकस एकत्र असतील तर ८२०६. तुमच्या उत्पादनाच्या पानावर सहा अंकी क्रमांक आणि उत्पादनाचा देश छापा. हे काम एकदाच करायचे आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

उत्पादनाच्या देशाबद्दल थोडे अधिक. ब्रँड एका देशाचा, माल दुसऱ्या देशात बनलेला, हे आता नेहमीचे आहे आणि त्यात गैर काही नाही. पण दोन देशांमधल्या व्यापार कराराने शुल्क माफ होते ते बनण्याच्या देशावरून, पाठवणाऱ्या दुकानाच्या पत्त्यावरून नव्हे. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात २०२१ पासून शुल्कमुक्त व्यापार आहे, पण फक्त त्यांच्याकडे बनलेल्या मालासाठी. जपानी करवत ब्रिटनमधल्या दुकानाने आणली आणि मग जर्मनीतल्या ग्राहकाला विकली तर जर्मनीत शुल्क लागू शकते. त्या ग्राहकाला ती थेट जपानहून किंवा संघातल्याच दुकानातून स्वस्त पडू शकली असती. ‘मूळ देश: जपान’ ही ओळ विकत घेण्याआधी दिसली असती तर त्याला ते कळले असते.

रोझवुडच्या मुठींबद्दलही सांगायला हवे. शिसवीच्या कुळातल्या, म्हणजे डाल्बर्जिया वंशातल्या सगळ्या जाती २०१७ च्या जानेवारीपासून धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आल्या आणि व्यापारातल्या तयार वस्तूंनाही परवाना लागू लागला. २०१९ च्या नोव्हेंबरात नियम सैल झाला: एका पाठवणुकीत त्या लाकडाचे वजन १० किलोपर्यंत असेल तर तयार वस्तूला परवाना लागत नाही. रंध्याच्या दोन मुठींचे लाकूड अर्धा किलोही भरत नाही. अपवाद ब्राझिली रोझवुडचा, तो सर्वांत कडक यादीत आहे, आणि जुन्या हत्यारांवर तो सापडतो. बीजकावर लाकडाची जात आणि वजन लिहिले तर पार्सल सुटते. ‘रोझवुड’ एवढाच शब्द लिहिला तर अडकते.

लहान पार्सलांवरच्या सवलतीही आता पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१८ पासून १००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या आयातीवर विक्रेत्याकडूनच कर घ्यायला सुरुवात केली. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ ला २२ युरोपर्यंतची करमाफी काढली. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी सगळ्या देशांसाठी थांबवली. त्यामुळे तुमच्या संकेतस्थळावर चार वर्षांपूर्वी लिहिलेले ‘बहुधा शुल्क लागत नाही’ हे वाक्य आज ग्राहकाला खड्ड्यात घालते. ते काढा. जमत असेल तर शुल्क आणि कर आधीच घेऊन माल पाठवा, ज्याला व्यापारात डीडीपी म्हणतात. कुरिअरची ८ ची फी त्यात वाचू शकते. जमत नसेल तर ‘शुल्क व कर ग्राहकाने भरायचे’ हे पैसे भरण्याच्या बटणाच्या वरच लिहा, शेवटच्या पानाच्या तळाशी नको.

आणि बीजकावर कमी किंमत लिहा, ‘भेटवस्तू’ असे लिहा, ही विनंती ग्राहकाने केली तर ती मान्य करू नका. आमच्याच लोकांसाठी हे लिहीत आहोत. ते बेकायदा आहे हे तर झालेच; शिवाय माल हरवला किंवा ओतीव लोखंडाचा रंधा आपटून तडकला तर विमा बीजकावरच्या रकमेपुरताच मिळतो. १०० च्या रंध्यावर २० लिहिले की ८० गेले.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही आयातदाराला जास्त पैसे द्यायला तयार आहोत, त्याकडे येतो. ती म्हणजे सुटे भाग आणि हमी. इथेच आमची सगळ्यात मोठी निराशा होते.

थेट मागवलेल्या रंध्याचा तळ वाकडा निघाला असे समजा. सरळपट्टी लावून ०.०५ मिलिमीटरचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आरपार जातो. कारखाना बदलून द्यायला तयार असतो, पण दोन किलोंचे परतीचे भाडे ग्राहकाचे. भरलेले शुल्क परत मिळवायचे तर मूळ आयातीची पावती, परत पाठवल्याची पावती आणि तो नग तोच असल्याचा पुरावा लागतो. बदली रंधा आला की त्यावर पुन्हा शुल्क लागू शकते. बीजकावर ‘हमीतील बदली’ असा उल्लेख आणि जुन्या बीजकाचा क्रमांक असेल तरच दाद मागता येते. या सगळ्या त्रासातून सोडवणारा माणूस म्हणून स्थानिक आयातदाराला १७८ च्या जागी १९० दिले तरी ते सार्थकी लागतील. पण २२० घेऊन आयातदार सांगतो की ‘कारखान्याला लिहा’. मग ते पैसे कशाचे होते?

सुट्या भागांचे तर आणखी वाईट. स्टॅन्ली या अमेरिकी कंपनीच्या जुन्या रंध्यांच्या मुठीचे बोल्ट १२-२० मापाचे, म्हणजे १२ नंबरच्या जाडीचे आणि इंचाला २० आट्यांचे असतात, ते हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाहीत. असा एक बोल्ट हरवला की अख्खा रंधा बंद. बोल्टचे वजन काही ग्रॅम, पण परदेशातून मागवला तर भाडे बोल्टच्या कित्येक पट. आयातदाराने दर शंभर रंध्यांमागे पाच बोल्ट, पाच नट, पाच स्क्रू आणि तीन पाती ठेवली तर त्यांना लागणारी जागा बुटाच्या खोक्याएवढी. पाते बदलता येणाऱ्या जपानी करवतींचे दात बहुधा उच्च वारंवारतेच्या विजेने तापवून कडक केलेले असतात. कानस त्यावर सरकते, धार लागत नाही, म्हणून पाते बदलणे हाच मार्ग. करवत स्वस्त ठेवायची आणि बदली पाते करवतीच्या जवळपास किमतीला विकायचे, किंवा पाते ठेवायचेच नाही, ही रीत सोडा. करवत विकणाऱ्याने त्याच क्रमांकाचे पाते निदान तीन वर्षे ठेवावे आणि पात्याची किंमत करवतीच्याच पानावर छापावी. कारण कारागीर पहिल्या करवतीचा भाव बघत नाही; पुढच्या दहा पात्यांचा बघतो.

कारखान्यांना यातलाच एक प्रश्न. ज्या देशात तुमचा एकमेव वितरक आहे तिथे तुम्ही थेट माल पाठवायला नकार देता. वितरकाने गुंतवणूक केली आहे, तिचे रक्षण करायचे, हे समजते. पण त्याने एखादे हत्यार किंवा सुटा भाग ठेवलेलाच नसेल, तर ग्राहकाला ना तिथे मिळते ना तुमच्याकडे. करारात एक कलम घाला: वितरकाकडे जे ३० दिवसांत मिळत नाही ते कारखाना थेट पाठवील. वितरकाचे नुकसान काही नाही, कारण तो ते विकतच नव्हता.

शेवटी चलनाचे. २०२१ च्या सुरुवातीला एका अमेरिकी डॉलरला सुमारे १०३ येन मिळत होते. जुलै २०२४ मध्ये १६१ च्या वर. १०,००० येनची पटाशी आधी ९७ डॉलरची होती, मग ६२ ची झाली. जपानमधल्या किमतीही या काळात वाढल्या, पण प्रश्न उरतोच: डॉलरमध्ये विकणाऱ्या आयातदारांच्या दरपत्रकांत हा फरक कुठे उतरला? परकी चलन महागले की नवे दरपत्रक महिन्यात येते, स्वस्त झाले की ‘जुन्या दराचा माल शिल्लक आहे’ असे उत्तर मिळते. जुना माल जुन्या दराने विका, आमची हरकत नाही. मग चलन महागल्यावरही जुना माल जुन्याच दराने विका. दरपत्रकावर ‘या किमती अमुक विनिमय दरावर आधारित, दर ५ टक्क्यांहून अधिक हलला तर दोन्ही दिशांनी बदलतील’ अशी ओळ छापा.

सुरुवात सगळ्या मालापासून करायला आम्ही सांगत नाही. तुमच्याकडच्या एकाच हत्यारापासून करा, चार नंबरचा, म्हणजे लाकूड गुळगुळीत करायचा नेहमीचा रंधा घ्या. पुढच्या दरपत्रकात त्याच्यापुढे एवढे छापा: कारखान्याचा पूर्ण क्रमांक, बनण्याचा देश, सहा अंकी वर्गीकरण, गोदामात पडलेल्या किमतीत शुल्क किती, कर किती, आणि हमीत तुम्ही स्वतः काय दुरुस्त करून द्याल. शेजारी बदली पात्याची आणि मुठीच्या बोल्टची किंमत. आयातदाराचा नफा किती ते लिहू नका, आम्ही विचारत नाही. ही माहिती असलेले पहिले दरपत्रक ज्याच्याकडून येईल, त्याची किंमत थोडी जास्त असली तरी पुढची ऑर्डर त्याच्याकडे जाईल.

आपले,
रोज हातहत्यारांनी काम करणारे काही सुतार, फिटर आणि कोरीव कामाचे कारागीर